बँक सरकारची असली की स्पर्धेचं काय होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बँकिंग बाजाराचा मोठा हिस्सा सरकारी मालकीच्या बँकांकडे असला की खाजगी बँका म्हणतात, "ही लढत बरोबरीची नाही, त्यांच्या पाठीशी तिजोरी उभी आहे." सरकारी बँका म्हणतात, "आमच्या पायात बेड्या आहेत, आम्ही कसली स्पर्धा करणार?" खरं कोणाचं? आणि सरकारने आपल्या बँका विकल्या तर स्पर्धा आपोआप वाढेल का?

कर्जाचे दर ठरवणं आणि ठेवी उभ्या करणं या कामात माझी पंचवीसहून अधिक वर्षं गेली. आधी सरकारी बँकेत होतो, नंतर खाजगी. दोन्ही तक्रारी मी स्वतः, त्या त्या खुर्चीत बसून, मनापासून केल्या आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. पण दोन्हींमध्ये मुद्द्याची गोष्ट राहून जाते. बँकेला तोटा झाला तर तो कोण भरणार, किती लवकर भरणार, कोणत्या अटीवर भरणार आणि हे बाजाराला आधीपासून ठाऊक आहे का, यावर स्पर्धा कशी होईल ते ठरतं. मालकीचा परिणाम बहुतेक वेळा याच वाटेने होतो.

आधी कर्जाचा दर कसा बनतो ते पाहू, कारण गैरसमज तिथूनच सुरू होतात. दराचे चार भाग असतात: ठेवींचा खर्च, शाखा-कर्मचारी-संगणकाचा खर्च, काही कर्जं बुडणार म्हणून करायची तरतूद आणि भांडवलावर मालकाला द्यायचा परतावा. समजण्यासाठी कल्पित आकडे घेऊ. खाजगी बँकेला ठेवी ५ टक्क्यांना पडतात, चालवण्याचा खर्च १.८ टक्के, बुडिताची तरतूद १ टक्का. शंभराच्या कर्जामागे १२ भांडवल ठेवावं लागतं आणि त्यावर भागधारक १५ टक्के मागतात. ते १२ ठेवींतून आले असते तर ५ टक्क्यांत भागलं असतं, म्हणजे भांडवलाचा जादा भार १.२ टक्के. एकूण दर ९ टक्के.

आता सरकारी बँक. लोक तिच्याकडे ४.६ टक्क्यांना ठेव ठेवतात, कारण ती बुडणार नाही अशी खात्री असते. मालक ८ टक्के परताव्यावर समाधानी असतो, त्यामुळे भांडवलाचा जादा भार फक्त ०.४. पण चालवण्याचा खर्च २.३ आणि बुडिताची तरतूद १.७. बेरीज करा, पुन्हा ९ टक्के.

दोन्ही फलकांवर ९ टक्के पाहून बाहेरच्याला वाटतं की चुरस छान चालली आहे. आत काय झालंय ते बघा. सरकारी बँकेला मालकीमुळे १.२ टक्क्यांचा फायदा मिळाला होता. तो तिच्याच जादा खर्चाने आणि जादा बुडिताने खाऊन टाकला. फायद्याची किंमत करदात्याने मोजली, कर्जदाराला मात्र त्यातलं काहीच मिळालं नाही. तीच बँक खाजगी बँकेइतकी काटेकोर चालली असती तर तिला ७.८ टक्क्यांना कर्ज देता आलं असतं.

म्हणून "सरकारी बँक स्वस्त कर्ज देऊन खाजगी बँकांना मारते" हे चित्र मला अपुरं वाटतं. त्याच्या उलट मी जास्त वेळा पाहिलं आहे. मोठी सरकारी बँक सुस्त असली की खाजगी बँकांना आडोसा मिळतो. आमच्या दर ठरवण्याच्या बैठकीत पहिला प्रश्न ठरलेला असे: मोठ्या सरकारी बँकेने आज काय दर लावलाय? आपल्याला किती परवडतं हा प्रश्न त्यानंतर. ती ९ वर असली की आम्ही ८.९० लावत असू, चांगल्या ग्राहकासाठी ८.४० परवडत असलं तरी. त्यामधला अर्धा टक्का आमच्या कर्तबगारीचा नव्हता, शेजारच्याच्या सुस्तीचा होता. बाजारातला सर्वांत मोठा विक्रेता महाग असला की बाकीच्यांना फक्त त्याच्याहून थोडं स्वस्त असणं पुरतं.

ठेवींच्या बाजूला मात्र खाजगी बँकांची तक्रार खरी ठरते. कर्जदार दर पाहतो, ठेवीदार आधी रात्रीची झोप पाहतो. शांत काळात हा फरक दशांशात राहतो आणि संकट आलं की एकदम सगळा बाहेर येतो. सप्टेंबर २००७ मध्ये ब्रिटनमधल्या नॉर्दर्न रॉक बँकेसमोर पैसे काढायला रांगा लागल्या. सरकारने हमी दिल्यावर त्या विरल्या आणि फेब्रुवारी २००८ मध्ये सरकारने बँकच ताब्यात घेतली. काही महिन्यांपूर्वी देशातली सर्वांत धोक्याची वाटलेली बँक आता सर्वांत सुरक्षित झाली होती. हे ओळखून त्या मार्चअखेर तिच्यावर बंधनं घालण्यात आली: देशातल्या किरकोळ, म्हणजे सामान्य ग्राहकांच्या, ठेवींपैकी १.५ टक्क्यांहून जास्त हिस्सा घ्यायचा नाही आणि व्याजदरांच्या तक्त्यांत पहिल्या तिघांत यायचं नाही. बँकेने जास्त व्याज देऊ नये असा नियम ऐकायला विचित्र वाटतो. पण ज्याच्यामागे देशाची तिजोरी आहे त्याने दरही सर्वांत चढा दिला तर दुसऱ्याकडे ठेव ठेवणार कोण?

त्याच वर्षी, ३० सप्टेंबर २००८ ला, आयर्लंडने आपल्या सहा बँका व वित्तसंस्थांच्या ठेवींना आणि त्यांनी उचललेल्या बहुतेक कर्जांना सरसकट हमी दिली. त्या संस्था तेव्हा खाजगीच होत्या. तरी शेजारच्या ब्रिटनमधून ठेवी तिकडे वळू लागल्या आणि आठवडाभरात ब्रिटनने आपली ठेवविम्याची मर्यादा ३५ हजार पौंडांवरून ५० हजारांवर नेली. मालकी बदलली नव्हती, फक्त हमी बदलली होती. ठेवींची स्पर्धा बिघडवणारी गोष्ट हमी असते. सरकारी मालकीतून ती न लिहिता, आपसूक मिळते, एवढाच फरक.

भारतात मार्च २०२० मध्ये एका मोठ्या खाजगी बँकेवर निर्बंध आले तेव्हा काही राज्य सरकारांनी खाजगी बँकांतल्या आपल्या ठेवी सरकारी बँकांत हलवायचं ठरवलं. तसं करू नका, हे रिझर्व्ह बँकेला राज्यांना पत्राने सांगावं लागलं. ज्या बँकांचा त्या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता, त्यांचीही ठेव-खाती त्या आठवड्यात धोक्यात आली. खाजगी बँकेच्या ट्रेझरीत, म्हणजे रोकड आणि गुंतवणूक सांभाळणाऱ्या विभागात, बसलेल्या माणसाला ही भीती रोज सोबतीला असते. त्यासाठी तो रोख आणि रोखे जादा ठेवतो, त्यावर कमी कमावतो आणि तो खर्च शेवटी कर्जाच्या दरात घालतो. हा खर्च कुठल्याच तक्त्यात "सरकारी मालकीचा परिणाम" म्हणून दिसत नाही.

हमीचं सगळ्यात शिकवणारं उदाहरण जर्मनीचं आहे, म्हणून तिथे जरा रेंगाळतो. जर्मन बँकिंगचे तीन खांब: खाजगी, सहकारी आणि सार्वजनिक. सार्वजनिक खांबात शहरांच्या आणि जिल्ह्यांच्या बचत बँका, म्हणजे श्पारकासे, आणि त्यांच्या वर राज्यांशी बांधलेल्या लांडेसबँका. लांडेसबँकांच्या देण्यांना सार्वजनिक मालकांची कायदेशीर हमी होती. त्यामुळे बँक स्वतः कशी चालते हे न पाहता पतमानांकन संस्था मालक राज्याकडे पाहून वरचं मानांकन देत आणि घाऊक बाजारात, म्हणजे मोठ्या गुंतवणूकदारांकडून, पैसा स्वस्त मिळे. खाजगी बँकांनी वर्षानुवर्षं तक्रार केली. १९९९ मध्ये युरोपीय आयोगाने वेस्टएलबी या सर्वांत मोठ्या लांडेसबँकेबाबत निर्णय दिला: राज्याने तिला भांडवल म्हणून दिलेल्या मालमत्तेवर बाजारभावापेक्षा फार कमी परतावा घेतला, ही मदतच आहे, सुमारे १.५८ अब्ज मार्क परत करा. त्याच वर्षी युरोपातल्या बँकांच्या महासंघाने खुद्द हमीविरुद्ध तक्रार केली.

जुलै २००१ मध्ये तडजोड झाली. हमी १८ जुलै २००५ ला संपणार, मात्र तोवर उचललेली आणि २०१५ अखेरपर्यंत फिटणारी देणी जुन्याच हमीखाली राहणार. कागदावर हे संक्रमण शहाणपणाचं दिसतं. पण बँकेच्या ट्रेझरीत बसलेल्या कोणालाही विचारा, तो काय करील? दार बंद व्हायच्या आत जमेल तेवढा स्वस्त पैसा आत ओढील. लांडेसबँकांनी तेच केलं. पैसा आला, पण तेवढे कर्जदार कुठे होते? घराजवळच्या लहान उद्योगांचं आणि कुटुंबांचं काम श्पारकासेंकडे होतं, मोठ्या कंपन्या खाजगी बँकांकडे. मग बराच पैसा अमेरिकी गृहकर्जांवर आधारलेल्या रोख्यांत गेला. २००७ मध्ये साक्सन एलबी कोलमडली आणि तिला दुसऱ्या लांडेसबँकेच्या पदरात घालावं लागलं. वेस्टएलबी २०१२ मध्ये मोडीत निघाली.

त्याच सार्वजनिक खांबातल्या श्पारकासे मात्र संकटात टिकल्या आणि लहान उद्योगांना कर्ज देत राहिल्या. मालकी दोन्हीकडे सार्वजनिकच. श्पारकासेंकडे स्वतःचे ठेवीदार आणि स्वतःचे कर्जदार होते. लांडेसबँकांकडे पैसा होता आणि पैशाला काम नव्हतं. "सरकारी बँका अशाच असतात" असं कोणी म्हणालं की मी हे उदाहरण देतो. अर्थात श्पारकासेही आपापली हद्द पाळतात, एकमेकींच्या क्षेत्रात ग्राहक ओढायला जात नाहीत. नावाने शेकडो बँका, पण ग्राहकापुढे त्यातली एकच.

इथून मालकीच्या आणखी एका परिणामाकडे येतो, ज्याची चर्चा मला फार कमी दिसते. एका मालकाच्या अनेक बँका असल्या की त्यांना स्पर्धक म्हणायचं का? बाजार किती थोड्या हातांत एकवटला आहे हे मोजण्याची नेहमीची रीत म्हणजे प्रत्येक बँकेच्या हिश्श्याचा वर्ग करून बेरीज करणं. समजा दहा सरकारी बँकांकडे प्रत्येकी ६ टक्के आणि चार खाजगी बँकांकडे प्रत्येकी १० टक्के बाजार आहे. दहा वेळा ३६ आणि चार वेळा १००, एकूण ७६०. हा आकडा पाहून कुठलाही स्पर्धा आयोग निश्चिंत होईल. आता दहा सरकारी बँका एकाच मालकाच्या म्हणून एक धरा. साठचा वर्ग ३६०० आणि वर ४००, म्हणजे ४०००. तोच बाजार, त्याच शाखा, तेच ग्राहक, आणि आता जवळजवळ मक्तेदारी.

खरं या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतं. दहा बँकांचे अध्यक्ष एकमेकांचे ग्राहक खेचतात का, की कर्जदराबाबत मंत्रालयातून एकच निरोप सगळ्यांना जातो? एका बँकेने नाकारलेला कर्जदार दुसरीकडे गेला तर तिथे नव्याने तपासणी होते, की दहाही जणी मिळून एकच समूहकर्ज देतात आणि पुढाकार घेणाऱ्या बँकेची टिपणी बाकीच्या नऊ आपल्या शिक्क्याने पुढे ढकलतात? समूहकर्जांचा हा प्रकार मी पाहिला आहे. नऊ बँकांच्या फायलींमध्ये एकच परिच्छेद, टंकलेखनाच्या चुकीसकट. युरोपच्या विलीनीकरण नियमांत सार्वजनिक मालकीच्या कंपनीबाबत म्हणूनच हे पाहतात, की तिला स्वतंत्र निर्णयाचा अधिकार आहे का. भारतात ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने राष्ट्रीयीकृत बँकांच्या एकत्रीकरणाला स्पर्धा कायद्याच्या विलीनीकरण तरतुदींतून दहा वर्षांसाठी सूट दिली. त्यानंतरच्या विलीनीकरणांनंतर आज सार्वजनिक क्षेत्रातल्या बँका १२ उरल्या आहेत. या एकत्रीकरणामागे भांडवल आणि कारभाराची कारणं होती, पण मालक जेव्हा स्पर्धेच्या तपासणीतून स्वतःलाच सूट देतो, तेव्हा ग्राहकाच्या बाजूने हिशेब मांडणारा कोणीच उरत नाही. मला ते खटकतं.

आता तोटा. खाजगी बँक सतत चुकली तर भागधारक पळतात, बँक विकली जाते किंवा बंद होते. तिचा बाजार दुसऱ्याला मिळतो. ही भीती स्पर्धेला धार आणते. सरकारी बँकेचा शेवट असा सहसा होत नाही. फ्रान्समधल्या क्रेडी लियोने या तेव्हाच्या सरकारी बँकेने १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून झपाट्याने विस्तार केला, परदेशात बँका घेतल्या, उद्योगांत हिस्से घेतले. १९९४ मध्ये तिला १२ अब्ज फ्रँकहून अधिक तोटा झाला. १९९५ मध्ये वाईट मालमत्ता वेगळ्या संस्थेत काढून सरकारने तिला वाचवलं, युरोपीय आयोगाने बदल्यात परदेशी पसारा आवरायला लावला आणि १९९९ मध्ये तिचं खाजगीकरण झालं. ती विस्तारत होती त्या वर्षांत तिच्याशी व्यवसायासाठी भिडलेल्या, स्वतःच्या हिमतीवर चालणाऱ्या बँकांचा विचार करा. त्यांनी हातची कर्जं गमावली ती अशा दराला, ज्याचा खरा खर्च वर्षांनंतर करदात्याने भरला. ते नुकसान त्यांना परत मिळत नाही.

पण तोटा भरून द्यायला मालकाने उशीर केला तर काय होतं, हेही तितकंच महत्त्वाचं आहे आणि इथे सरकारी बँकांची तक्रार पूर्ण खरी आहे. २००८-०९ च्या जागतिक संकटात भारतात परदेशी आणि नव्या खाजगी बँकांनी हात आखडते घेतले, तेव्हा सरकारी बँका कर्ज देत राहिल्या. अनेक देशांत हेच दिसतं: मंदीत सरकारी बँकांचा कर्जपुरवठा खाजगी बँकांइतका आटत नाही. हे मोठं सार्वजनिक काम आहे आणि मी ते कमी लेखत नाही. मात्र त्या काळात आणि त्यानंतर दिलेली पायाभूत आणि बड्या उद्योगांची कर्जं पुढे थकली. मार्च २०१८ मध्ये भारतातल्या सरकारी बँकांचं ढोबळ थकीत कर्जाचं प्रमाण १४.६ टक्क्यांवर पोचलं. २१ पैकी ११ सरकारी बँका रिझर्व्ह बँकेच्या तातडीच्या सुधारणा चौकटीत होत्या, म्हणजे त्यांच्या कर्जवाटपावर आणि विस्तारावर बंधनं. सरकारने २०१६-१७ पासूनच्या पाच वर्षांत सुमारे ३.१ लाख कोटी रुपये भांडवल घातलं, पण हप्त्याहप्त्याने. भांडवल येईपर्यंत या बँका ठेवी घेत होत्या आणि चांगल्या कर्जदाराला नाही म्हणत होत्या.

त्या वर्षांत खाजगी बाजूला काय चाललं होतं? आमच्याकडे चांगले कर्जदार चालून येत होते. आम्ही दर कमी केले नाहीत, गरजच नव्हती. भारतात सरकारी बँकांचा मालमत्तेतला हिस्सा दशकभरात ७० टक्क्यांहून वरून ६० च्या आसपास आला. त्यातला काही भाग खाजगी बँकांच्या उत्तम सेवेचा, तंत्रज्ञानाचा, हे मान्य. पण बराच भाग समोरचा खेळाडू पट्टी बांधून बाकावर बसला होता म्हणून आला. याला स्पर्धेचा विजय म्हणणं मला पटत नाही.

मालकाच्या इच्छेने दर पाडले तर? ब्राझीलने हे करून पाहिलं. एप्रिल २०१२ मध्ये दिल्मा रूसेफ यांच्या सरकारने बांको दो ब्राझील आणि कायशा या दोन बड्या सरकारी बँकांना दर उतरवायला लावले. तिथले कर्जदर जगात सर्वांत चढ्या दरांपैकी होते, त्यामुळे दुखणं खरंच होतं. सुरुवातीला खाजगी बँकांनीही काही दर खाली आणले. पण एकंदरीत त्यांनी लढण्यापेक्षा बाजूला होणं पसंत केलं. सरकारी बँका २००८ च्या सुरुवातीला एकूण कर्जाच्या सुमारे एक तृतीयांश होत्या, त्या २०१३ मध्ये निम्म्याच्या पुढे गेल्या. खाजगी बँकांचा हिशोब सरळ होता. मालकाच्या आदेशावर दर पाडणाऱ्याशी दराने भिडायचं नसतं, कारण त्याला थांबायला लावणारी तोट्याची रेषाच नसते. त्याला कर्जं वाटू द्यायची आणि आपण सुरक्षित कर्जं धरून बसायचं. पुढे मंदी आली, अर्थसंकल्प ताणला गेला आणि सरकारी बँकांना हात आखडावा लागला. खर्चातून आलेली दरकपात टिकते. आदेशातून आलेली आदेश देणारा थकेपर्यंत.

राजकारणाबद्दल थोडक्यात, कारण त्यावर भरपूर लिहिलं जातं. इटलीच्या कंपन्यांच्या आकडेवारीवर २००४ मध्ये आलेल्या एका अभ्यासात सरकारी बँका तशाच कंपन्यांना खाजगी बँकांपेक्षा सरासरी ४४ बेस पॉइंट, म्हणजे ०.४४ टक्के, स्वस्त कर्ज देतात असं दिसलं, आणि बँकेशी जोडलेला पक्ष ज्या भागात बलवान, तिथे दर आणखी कमी. भारतावरच्या २००९ मधल्या अभ्यासात निवडणुकीच्या वर्षी सरकारी बँकांच्या शेतीकर्जाची वाढ ५ ते १० टक्के बिंदूंनी जास्त दिसली. स्पर्धेच्या दृष्टीने यातला त्रासदायक भाग स्वस्ताईचा नाही. स्पर्धकाला अंदाज बांधता येत नाही, हा आहे. एखाद्या भागात शाखा काढायला खाजगी बँक पाच-सात वर्षांचा हिशोब मांडते. तिथला मोठा खेळाडू पुढच्या वर्षी कर्जमाफीची हवा करणार की नाही हेच ठाऊक नसेल, तर ती शाखा निघतच नाही. मग त्या भागात सरकारी बँक एकटी उरते आणि लोक म्हणतात, खाजगी बँकांना तिकडे जायचंच नव्हतं.

सरकारी बँकेतल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. त्यांच्यावर लादलेली कामं खरी असतात: न परवडणाऱ्या शाखा, शून्य शिलकीची खाती, सरकारी योजनांचं वाटप, भरतीचे आणि पगाराचे ठराविक नियम, आणि कर्ज बुडालं तर वर्षांनंतर मागे लागणारी चौकशी. चौकशीच्या धास्तीने अधिकारी धाडसी पण योग्य कर्ज नाकारतो, कारण नाकारल्याबद्दल कधी कोणाला नोटीस आलेली नाही. या ओझ्याच्या बदल्यात त्यांना सरकारी खात्यांच्या ठेवी, पगारखाती, कर गोळा करण्याचं काम मिळतं. म्हणजे ओझंही सांगितलेलं नाही आणि मोबदलाही मोजलेला नाही. अशा बाजारात कोण कार्यक्षम आणि कोण नाही हे कोणालाच कळत नाही, मालकालाही नाही. फ्रान्समध्ये लिव्रे आ या करमुक्त बचत खात्याचं वाटप वर्षानुवर्षं ठराविक संस्थांपुरतं होतं. युरोपीय आयोगाच्या २००७ च्या निर्णयानंतर जानेवारी २००९ पासून ते सर्व बँकांना खुलं झालं. सामाजिक हेतू कायम राहिला, राखीव वाट गेली. सार्वजनिक काम करवून घ्यायचं असेल तर त्याची किंमत जाहीर करावी आणि ते काम जो करील त्याला द्यावी, हा मार्ग मला सर्वांत प्रामाणिक वाटतो.

जपानच्या टपाल बँकेचा उपायही वेगळा आणि शिकण्यासारखा आहे. तिच्या मागे सरकार आहे असं लोक मानतात, म्हणून प्रत्येक ठेवीदाराच्या ठेवीला कमाल मर्यादा. दीर्घकाळ ती १ कोटी येन होती, एप्रिल २०१६ मध्ये १ कोटी ३० लाख झाली, २०१९ मध्ये साध्या आणि मुदत ठेवींना प्रत्येकी तेवढी. प्रत्येक वाढीला बाकीच्या बँकांनी विरोध केला आणि प्रत्येक वेळी वाद उघडपणे झाला. हमीची व्याप्ती आकड्यात लिहिलेली असली की भांडण निदान त्या आकड्यावर होतं.

आता शेवटचा प्रश्न, विकून टाकावं का. मेक्सिकोने १ सप्टेंबर १९८२ ला बँका राष्ट्रीयीकृत केल्या आणि १९९१-९२ मध्ये १८ बँका लिलावाने विकल्या. सरासरी किंमत पुस्तकी मूल्याच्या, म्हणजे हिशेबाच्या वह्यांतल्या मूल्याच्या, सुमारे तिप्पट मिळाली. इतकी किंमत खरेदीदार कधी देतो? पुढे फारशी स्पर्धा नसेल आणि अडचण आली तर सरकार सांभाळून घेईल असं त्याला वाटतं तेव्हा. नव्या मालकांनी कर्जं वेगाने वाटली, डिसेंबर १९९४ मध्ये पेसो कोसळला आणि बुडिताचा मोठा भाग पुन्हा सार्वजनिक खात्यावर आला. मालकी बदलली होती, तोटा कोणाचा हे बदललं नव्हतं. लिलावातून जास्तीत जास्त पैसे मिळवणं आणि बाजारात जास्तीत जास्त स्पर्धा आणणं ही दोन उद्दिष्टं एकमेकांच्या विरोधात जातात. विकणाऱ्या अर्थमंत्र्याला पहिलं हवं असतं.

उलट दिशेचं उदाहरण न्यूझीलंडचं. तिथे चार ऑस्ट्रेलियन मालकीच्या बँकांकडे जवळपास सगळा बाजार. २००२ मध्ये सरकारने टपाल कार्यालयांच्या जाळ्यावर किवीबँक सुरू केली. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या वाणिज्य आयोगाने बँकिंगच्या तपासणीचा अंतिम अहवाल दिला. चार मोठ्या बँका एकमेकींवर पुरेसा दबाव आणत नाहीत आणि किवीबँकेला आणखी भांडवल मिळालं तर ती तो दबाव आणू शकेल, असं त्याचं म्हणणं होतं. म्हणजे स्पर्धेचा राखणदार सरकारी बँक मोठी करा म्हणतो आहे, आणि माझ्या मते बरोबर म्हणतो आहे. ती बाजारात लहान आहे, एकटी आहे आणि समोरचे चौघे सुस्थितीत आहेत. अशा ठिकाणी सरकारी बँक स्पर्धा वाढवते. बाजाराचा साठ-सत्तर टक्के भाग एकाच मालकाच्या डझनभर बँकांकडे असेल तिथे तेच औषध उलटं पडतं.

म्हणून तुमच्या देशातल्या परिस्थितीबद्दल ठरवताना मी मालकीचा टक्का शेवटी पाहीन. सर्वांत मोठ्या सरकारी बँकेला गेल्या वेळी भांडवल कधी लागलं, मागितल्यापासून किती महिन्यांनी मिळालं आणि त्यासाठी तिला काय सोडावं लागलं, हे आधी शोधीन. मग संकटाच्या एखाद्या महिन्यात ठेवी कुठून कुठे गेल्या ते पाहीन. आणि एका सरकारी बँकेचा चांगला कर्जदार दुसऱ्या सरकारी बँकेने गेल्या वर्षभरात कमी दर देऊन ओढून नेला आहे का, हे शाखेतल्या माणसाला विचारीन. त्याला ते लगेच सांगता येतं.